लवू टीव्हीवर येतोय

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार. पाडवा.
सकाळी ५.१५

मुहूर्त साधून नवी वही काढली. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. पुढेमागे कुणाला छापावीशी वाटलीच तर मी आड येणार नाही, पण तूर्तास खासगी.

मोठी बातमी. बंगळूरच्या एका गेम कंपनीची मेल आली. तेरा वर्षांपूर्वी मी बनवलेला ‘लवू आणि सात बेटं’ हा गेम त्यांना आता घरातल्या कन्सोलवर, मोठ्या टीव्हीवर आणायचाय. रीमास्टर! मूळ गेम हातात धरायच्या छोट्या मशीनवर चालायचा. स्क्रीन तीन इंचांचा. ते मशीन दोन वर्षांत बाजारातून गेलं, गेम मात्र गेला नाही. पोलंडमध्ये काही मंडळी तो अजून खेळतात म्हणे. पोलंडमध्ये! आणि आमच्या सोसायटीत मला ‘ए विंगचे प्रिंटरवाले रांगणेकर’ म्हणतात.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. लवू हा एक होडीवाला. गावच्या दीपस्तंभाचा दिवा समुद्रातल्या राक्षसाने पळवलाय. लवू सात बेटं पालथी घालून तो परत आणतो. वाटेत लढाया, कोडी, गावोगावची माणसं, त्यांच्याशी गप्पा. खेळणारा स्वतःच लवू होतो, म्हणून रोल-प्लेइंग.

अट एकच. २८ फेब्रुवारीपर्यंत पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळता येईल असा गेम द्यायचा. नाहीतर करार रद्द.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन तास काम. चहा एकच. काशीमीऱ्याच्या गोडाऊनमधून (मी तिथे आयटी हेड आहे, खात्यात सध्या एकटाच) प्रिंटरसाठी फोन आला तर सातच्या आत उचलायचा नाही. आणि पहिल्याच स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: ‘चंदन रांगणेकर यांची निर्मिती’. मागच्या वेळी हे राहून गेलं. तीन इंचांत मावणार तरी काय.

५.४०. उर्मिला उठली. बायको म्हणून तिला पहिली बातमी. खूश झाली. लगेच विचारते, मेल्रॉयला कळवलंस का? म्हटलं, बघू.

३ नोव्हेंबर, रविवार

उठायला साडेआठ. भाऊबीज असल्याने सूट.

मेल्रॉयचा विषय एकदाच लिहून संपवतो. मेल्रॉय उत्तनचा, कोळ्यांच्या घरातला. तेव्हा आम्ही नया नगरमध्ये भाड्याच्या एका गाळ्यात ऑफिस थाटून बसायचो. दिशा माझी, धोरण माझं, गाळ्याची चावीही माझ्याकडे. तो फक्त कोड लिहायचा. आणि चित्रं काढायचा. संगीतही त्यानेच केलं, पण ते त्याला आवडायचं म्हणून. गावकऱ्यांचे संवाद उर्मिलाने लिहिले, कारण ती शाळेत शिकवते आणि शनिवारी दुपारी तिला वेळ असायचा. पुढे मेल्रॉय यायचा बंद झाला. का ते कळलं नाही. उत्तनहून नया नगर लांबच पडतं.

सगळा कोड माझ्याकडे सीडीवर आहे. तेव्हा मेल्रॉयची गरज नाही. शिवाय आता एआय आहे.

१० नोव्हेंबर, रविवार
दुपारी २.००

सीडी सापडली. शिलाईच्या सामानाच्या डब्यात होती. ही शोधण्यात आठवडा गेला, त्यामुळे पहाटे उठून उपयोग नव्हता.

गेम टीव्हीवर लावला. तीन इंचांवर लवूचं नाक म्हणजे एक ठिपका होता. पंचावन्न इंचांवर तो ठिपका पेरूएवढा झालाय. उर्मिला भांडी आवरता आवरता थांबली आणि म्हणाली, अय्या, ह्याला गांधीलमाशी चावली का?

एआयला म्हटलं, सगळे चेहरे गुळगुळीत कर. म्हणाला, फारच सुंदर कल्पना. केले. आता लवू विमा विकायला आल्यासारखा दिसतो आणि गेममधल्या कोळणीला, म्हणजे मंदाला, वरच्या बाजूला दोन दात जास्त आलेत. किरकोळ आहे. खेळणारा दात मोजत बसत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहाटे उठायचा संकल्प थोडा बदललाय. पहाटेऐवजी रविवार.

आज मेल्रॉयचा एक ढिसाळपणा पकडला. गेममध्ये भरती-ओहोटी आहे. ती कधी यायची त्याचा हिशोब कोडमध्ये सापडला. तिथीला ०.७५ ने गुणलंय. बाजूला शेरा: ‘पाऊण. बाबांनी सांगितलं.’

बाबांनी! जगभर जाणाऱ्या गेमचं इंजिन याने वडिलांना विचारून लिहिलं. आणि पाऊण का? रीमास्टर म्हणजे सगळं पूर्ण हवं. ०.७५ खोडून १ केलं. एआयला मत विचारलं. म्हणाला, अतिशय स्पष्ट आणि धाडसी निर्णय. तेरा वर्षं राहिलेली चूक मी एका मिनिटात काढली, याचा आनंद झाला. बाकीचा रविवार सुट्टी घेतली.

८ डिसेंबर, रविवार

पहिल्या स्क्रीनचं काम जोरात. आधी नुसता समुद्र. मग लाट येते. लाटेतून ‘चंदन’ वर येतं, पाणी निथळतं, मग ‘रांगणेकर’. एकूण सहा सेकंद. फेस मनासारखा येत नाहीये.

उर्मिलाने विचारलं, बेटांचं काय? म्हटलं, बेटं कुठे पळून जातायत.

१५ डिसेंबर, रविवार

फेस.

२० डिसेंबर, शुक्रवार

कंपनीला पहिला नमुना पाठवला. चार दिवस उशीर. कळवलं, वरसाव्याच्या पुलावर भयंकर ट्रॅफिक होतं. गेम इंटरनेटवरून पाठवतात हे मेल गेल्यावर लक्षात आलं.

२३ डिसेंबर, सोमवार
सकाळी ११.३०, गोडाऊन

कंपनीतर्फे आमच्या गेमचं सगळं बघणारी क्षितिजा म्हणून मुलगी आहे. मूळची कोल्हापूरची. तिचा फोन. पहिला स्क्रीन छान आहे, म्हणाली. (नोंद करावी.) मग म्हणाली, सर, आमचे चारही टेस्टर तिसऱ्या बेटावर अडकलेत. होडी काढायला जावं तर पाणीच नसतं, नुसता चिखल. चिखलातून चालत गुहेकडे जावं तर तेवढ्यात पाणी येऊन गुहा बुडते. पुढे जाताच येत नाही.

म्हटलं, हल्लीच्या लोकांना धीर नाही.

म्हणाली, सर, तुम्ही कसे जाता पुढे?

म्हटलं, ते सांगितलं तर खेळायची मजा जाईल.

म्हणाली, सर, टेस्टर मजेसाठी नाही ओ खेळत.

तेवढ्यात डिस्पॅचवाले प्रिंटर घेऊन आले, म्हणून फोन ठेवला. देवासारखे धावून आले.

ही वही खासगी आहे म्हणून लिहितो. मी तिसऱ्या बेटाच्या पुढे कधी गेलेलो नाही. तिसऱ्यावरही नाही. दुसरं लांबून पाहिलंय. वेळच नव्हता. इमारत बांधणारा आर्किटेक्ट काय प्रत्येक फ्लॅटमध्ये राहायला जातो का?

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ.

उर्मिला सकाळीच उत्तनला गेली, मेल्रॉयच्या घरी. मला म्हणाली, चल. म्हटलं, काम आहे. दरवर्षी जाते म्हणे. तेरा वर्षं! मला वाटायचं, शाळेची पिकनिक असते.

संध्याकाळी केक आणि नेवऱ्या (त्यांच्याकडच्या करंज्या) घेऊन आली. मेल्रॉय होड्यांवरची जीपीएस यंत्रं दुरुस्त करतो, वडिलांबरोबर समुद्रात जातो, मजेत आहे म्हणाली. माझी चौकशी केली का विचारलं. म्हणाली, नाही केली.

नेवऱ्या चांगल्या होत्या. पाच खाल्ल्या.

आता आठवतंय, गेम आला तेव्हा एका पेपरात माझी मुलाखत आली होती. तीत मी मेल्रॉयचा आवर्जून उल्लेख केला होता: ‘एका तांत्रिक मदतनिसाच्या साहाय्याने’. नाव द्यायला जागा नव्हती. आणि नेमकं त्याच आठवड्यापासून त्याला नया नगर लांब पडायला लागलं. योगायोग.

१२ जानेवारी २०२५, रविवार

क्षितिजाचा फोन. कंपनीला जाहिरातीसाठी लाईव्ह कार्यक्रम करायचाय. गेमचा निर्माता, म्हणजे मी, कॅमेऱ्यासमोर बसून गेम खेळणार आणि जगभरातले लोक बघणार. निदान तिसऱ्या बेटापर्यंत, सर. म्हणजे टेस्टरनाही कळेल. २५ तारीख, संध्याकाळी पाच.

अर्थातच हो म्हटलं. तेरा दिवस आहेत. रोज एक तास सराव. दोन बेटांना तेरा तास म्हणजे चैनच.

१९ जानेवारी, रविवार

सरावाला बसलो, पण कन्सोलचा कंट्रोलर हातात नीट बसत नाही. दोन दांडे, सोळा बटणं. माणसाला बोटं किती याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. त्यापेक्षा कार्यक्रमात काय बोलायचं त्याची तयारी केली. झब्बा इस्त्रीला दिला.

२५ जानेवारी, शनिवार
संध्याकाळी ५.४०

कार्यक्रम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपला.

तीनशे माणसं बघत होती. सुरुवात उत्तम. पोलंडच्या एका बाईंनी विचारलं, भरती-ओहोटीची कल्पना कशी सुचली? म्हटलं, एका संध्याकाळी सुचली. मग खेळायला घेतलं. लवू धक्क्यावर उभा. मी पुढे जायचं बटण दाबलं, ते उडी मारायचं निघालं. लवू बुडाला. पुन्हा सुरू. पुन्हा बुडाला. तिसऱ्यांदा बुडाल्यावर त्याच बाईंनी लिहिलं, डावीकडचं बटण दाबून बघा. म्हटलं, नवीन खेळाडूच्या मनात काय चालतं ते मी मुद्दाम दाखवतोय. चौथ्यांदा होडीत बसला, दोरी सोडायला विसरला, होडीसकट बुडाला.

पहिलं बेट अजून लांब होतं. मी लाईट गेल्याचं जाहीर केलं आणि कॅमेरा बंद केला.

५.५५. माझ्या मागे पंखा फिरत होता, हे उर्मिलाने आत्ता सांगितलं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदनाला सोसायटीत खाली उतरलो नाही. ए विंगच्या दोघांनी कार्यक्रम पाहिला होता.

दहा वाजता क्षितिजाचा फोन. आवाज मऊ. म्हणाली, सर, वरचे लोक नाराज आहेत. तिसरं बेट २८ फेब्रुवारीच्या आत सुटलं नाही तर करार रद्द होणार, आणि लवू टीव्हीवर कधीच येणार नाही. मग म्हणाली, सर, राग मानू नका, पण हा गेम नक्की कुणी बनवलाय?

आवाज येत नाहीये म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

दुपारी २.३०

उर्मिलाने कपाट उघडलं. साड्यांच्या खालून ते जुनं छोटं मशीन काढलं. चार्ज केलेलं! तिने ‘लवू’ चार वेळा शेवटपर्यंत खेळलाय. पहिल्यांदा शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत. एकदा, माझी आई दवाखान्यात होती तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून. मी विचारलं, मला कधी बोलली का नाहीस? म्हणाली, तू कधी विचारलंस?

तिसरं बेट तिने मला खेळून दाखवलं. अष्टमीपर्यंत थांबायचं असतं. त्या सकाळी पाणी मधल्या मध्ये असतं, होडीही निघते आणि गुहाही उघडी असते. गावातली म्हातारी तसं सांगते सुद्धा. तो संवाद उर्मिलानेच लिहिलाय.

मग तिने शेवट दाखवला. दिवा लागतो. गाव उजळतं. आणि काळ्या पाटीवर नावं येतात. मेल्रॉय. उर्मिला. चंदन. एकाखाली एक, सारख्याच अक्षरात. कुणी काय केलं ते लिहिलेलं नाही. नुसती तीन नावं.

ही पाटी मेल्रॉयने केली होती. माझी मुलाखत छापून यायच्या आधी.

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

उत्तनला गेलो. बसमध्ये माफीचं वाक्य तयार केलं. चांगलं झालं होतं. ‘परिस्थितीमुळे निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल’ असं सुरू होत होतं.

रविवार असल्याने होड्या किनाऱ्यावर. चर्चमधली मिसा आटपून मंडळी घरी आलेली. मेल्रॉय अंगणात. केस पांढरे झालेत. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. मला वाक्य सापडेना. तोंडातून निघालं, आज मासे काय भाव?

म्हणाला, रविवारी होडी जात नाही.

त्याचे वडील, कॉन्रॅड काका, ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे. डोळे बारीक करून म्हणाले, ह्यो त्यो पेपरवाला हाय ना? मेल्रॉय म्हणाला, हो बाबा, तोच.

विषय बदलायला म्हटलं, काका, समुद्र खूप आत गेलाय. ते म्हणाले, येल ना. आज पंचमी हाय. पाच पावनं पावनेचार. पावनेचारला पानी भरल. घड्याळ न्हाय लागत त्याला.

मी बोटांवर हिशोब करून पाहिला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. ०.७५. बाबांनी सांगितलं.

पावणेचारपर्यंत मी तिथेच बसलो. पाणी आलं.

मेल्रॉयला लॅपटॉप दाखवला. त्याला ती जागा सापडायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. विचारलं, हे १ कुणी केलं? म्हटलं, एआयने. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, मी केलं. मग एकदम सगळंच बोलून टाकलं. मुलाखतीचं, जागा नसल्याचं, जागा असल्याचं. म्हटलं, मेल्रॉय, चुकलो. परिस्थिती वगैरे काही आली नाही त्यात.

त्याने स्क्रीन वर-खाली करून पाहिला. मग म्हणाला, लवूचं नाक काय केलंस रे?

काम करायला तयार झालाय. लवूसाठी, तुझ्यासाठी नाही, म्हणाला. पण यावेळी कुणी काय केलं ते पाटीवर स्पष्ट लिहायचं, म्हणजे पुढे पेपरवाल्यांचा घोटाळा नको. मी आपणहून त्याला ‘तांत्रिक सल्लागार’ हे पद देऊ केलं. तो हसला. म्हणाला, नावांचे तीन वाटे तूच कर, पुढच्या रविवारी मी येतो, आमच्या होडीवर घेतात तसे घेऊ. चालेल?

चालेल म्हटलं. मोठ्या मनाचा माणूस. वाटे मलाच करायला दिले!

८ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी ९.००

मेल्रॉयने सोमवारपासून घरूनच कामाला सुरुवात केलीये. लवूला जुनं नाक परत दिलं, फक्त कडा नीट केल्या. पंचावन्न इंचांवर आता ते नाक वाटतं. मंदाचे दात काढले. मी देखरेख ठेवली.

आज वाटे केले. उत्तनच्या त्या दिवशी मी जरा भावनेच्या भरात होतो, हे शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं. चुकलो ते मुलाखतीत. निर्मितीत नव्हे. कुणीतरी गाळा उघडत होतं म्हणूनच कुणीतरी कोड लिहीत होतं.

तीन चिठ्ठ्या. पहिली: ‘निर्मिती, मूळ कल्पना आणि दिग्दर्शन’. ही पहिल्या स्क्रीनवर, लाटेतून. दुसरी: ‘प्रोग्रामिंग, चित्रं, संगीत, संवाद, भरती-ओहोटी’. ही शेवटी, पाटीवर. एका माणसाला एवढं मिळतंय, मेल्रॉयला तक्रारीला जागा नाही. तिसरी: ‘विशेष आभार’. ही अगदी शेवटी, बारीक अक्षरांत. उर्मिलासाठी. बायकोचे आभार मानायची पद्धत चांगली दिसते.

चिठ्ठ्यांवर नावं घातली नाहीत. उघडच आहे कुठली कुणाची.

९ फेब्रुवारी, रविवार
दुपारी १.१५

मेल्रॉय आला. कॉन्रॅड काकांनी बोंबील पाठवले होते. जेवणं झाली. मी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. त्याने तिन्ही वाचल्या, उर्मिलाला दिल्या. तिने वाचल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, भारावलेत.

मग मेल्रॉयने होडीची रीत सांगितली. मासळी किनाऱ्यावर आली की एकजण वाळूत वाटे मांडतो. बाकीचे एकेक उचलतात. ज्याने मांडले त्याने शेवटी उचलायचा, जो उरेल तो. म्हणून बाबा चाळीस वर्षं वाटे मांडतायत आणि एका वाट्यात दुसऱ्यापेक्षा एक बोंबील जास्त नसतो.

मी म्हटलं, हा कच्चा मसुदा आहे.

म्हणाला, वाळूत मांडल्यावर हात नाही लावायचा. तू चालेल म्हणालास, चंदन. वहिनी, तुम्ही घ्या आधी.

उर्मिलाने माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांच्या संसारात असं पाहिलं नव्हतं. मग पहिली चिठ्ठी उचलली. ‘निर्मिती, मूळ कल्पना आणि दिग्दर्शन’. म्हणाली, लवूची गोष्ट मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगायचे, आठवतं का? तीच घरी जेवताना सांगितली होती, तुम्हा दोघांना.

आठवत नव्हतं. आता आठवतंय. मी तेव्हा कोशिंबीर वाढून घेत होतो.

मेल्रॉयने दुसरी उचलली. तो म्हणाला, ही माझीच आहे, फक्त संवाद वहिनींचे. तेवढं खोडून त्याने पहिलीत लिहिलं.

टेबलावर तिसरी उरली. मी हात लावत नाही असं बघून उर्मिलानेच ती उचलून माझ्यासमोर ठेवली आणि वर बोंबिलाचा तुकडा वाढला.

१६ फेब्रुवारी, रविवार

लाटेतून आता ‘उर्मिला रांगणेकर’ वर येतं. नाव बदलायला मेल्रॉयला दोन मिनिटं लागली. फेस माझाच ठेवलाय. चांगला आहे म्हणाला.

‘चंदन रांगणेकर’ आता अगदी शेवटी, बारीक अक्षरांत. वापरलेल्या फॉन्टच्या नावाच्या वर.

क्षितिजाला सगळं खरं सांगितलं. म्हणाली, हो सर, आम्हाला साधारण अंदाज आला होता. कशावरून ते विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उर्मिलाने चार दिवसांत सातही बेटं टीव्हीवर पूर्ण केली. कंपनीच्या टेस्टरनीही केली. गेम मंजूर. एक दिवस आधी! क्षितिजा फोनवर ओरडलीच. मेल्रॉयने काकांना फोन लावून दिला. ते म्हणाले, पानी बरोबर येतंय न्हाय? मग झालं.

घरात सगळे आनंदात. मीही. डोळ्यांत पाणी आलं, ते गेम पूर्ण झाला म्हणून.

२५ एप्रिल, शुक्रवार
संध्याकाळी ६.१०

लवू आज टीव्हीवर आला. जगभर. पोलंडमध्ये सुद्धा.

गोडाऊनमधून लवकर निघालो. उर्मिला आणि मेल्रॉय क्षितिजाबरोबर मुलाखत देतायत, एका मोठ्या चॅनेलला, आतल्या खोलीत, लॅपटॉपवर. दार लोटलेलं आहे. मधूनच हसण्याचे आवाज येतात. आत्ता उर्मिला माझं नाव घेत होती. पुढचं ऐकू आलं नाही. चांगलंच बोलली असेल, ती बोलते चांगलं.

माझं नाव बघायचं तर गेम संपवायला लागतो. शेवटाची पाटी तेव्हाच येते. म्हणून कंट्रोलर घेऊन बसलो. समुद्र आला, लाट आली, उर्मिला आली, फेस आला. मग गेमने विचारलं, हा खेळ तुम्ही आधी खेळला आहात का?

मी ‘हो’ दाबलं. थेट धक्क्यावर सोडलं, काही न शिकवता. लवू पंधरा सेकंदांत बुडाला.

पुन्हा सुरू केला. पुन्हा तोच प्रश्न. आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि ‘नाही’ दाबलं.